ट्रॅक्टर का उलटतो? फ्रंट लोडर वापरताना सांभाळायचा तोल

एप्रिल-मे महिन्यांत गावोगाव एकच लगबग असते. उकिरड्यातले शेणखत शेतात न्यायचे, तलावातला गाळ आणून टाकायचा, बांधाची डागडुजी करायची. पूर्वी या कामाला घमेली, फावडी आणि आठ-दहा माणसे लागत. आता ट्रॅक्टरला फ्रंट लोडर बसवला की एकटा चालक दिवसभरात कितीतरी ट्रॉल्या भरतो. 2017 पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाल्यानंतर गाळ वाहतुकीचे कामही वाढले. मजूर मिळत नाहीत, वेळ कमी असतो, त्यामुळे लोडर ही सोय नाही, गरज झाली आहे.

मात्र लोडर बसवलेला ट्रॅक्टर हा तुमचा नेहमीचा ट्रॅक्टर राहत नाही. स्टिअरिंग, ब्रेक, गिअर सगळे तेच असते, पण त्याचा तोल बदललेला असतो. दहा-पंधरा वर्षे नांगरणी, पेरणी करणारा हात कितीही सराईत असला, तरी हा बदल समजून घेतला नाही तर नेमका त्या सवयीमुळेच अपघात होतो. हा तोल नेमका कुठे आणि कसा बदलतो, आणि तो सांभाळायला काय करावे, ते या लेखात पाहू.

ट्रॅक्टर दिसतो चौरंग, असतो तिवई

चौरंगाला चार पाय, तिवईला तीन. तिवईवर बसून दोन पायांच्या मधल्या बाजूला झुकले की ती पटकन कलंडते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी अनुभवले आहे.

ट्रॅक्टरला चाके चार असली तरी तोलाच्या हिशेबात तो तिवईच आहे. पुढचा अ‍ॅक्सल चॅसिसला दोन्ही टोकांना पक्का बसवलेला नसतो. तो मधोमध एका पिनवर टेकलेला असतो आणि त्या पिनवर वरखाली हलतो. त्यामुळेच एक पुढचे चाक सरीत आणि दुसरे वरंब्यावर असले तरी ट्रॅक्टर सरळ चालतो. याचा दुसरा अर्थ असा, की ट्रॅक्टरचा डोलारा तीन जागी टेकलेला असतो: मागची दोन चाके आणि पुढची मधली पिन. अ‍ॅक्सलचा हलण्याचा मार्ग संपून तो अडतो तोपर्यंत ट्रॅक्टर बराच कललेला असतो.

या तीन बिंदूंना जोडणाऱ्या त्रिकोणाच्या आत जोपर्यंत ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य आहे, तोपर्यंत ट्रॅक्टर उभा राहतो. त्रिकोण मागे रुंद आणि पुढे निमुळता असतो. ट्रॅक्टरचे जास्त वजन मागच्या चाकांवर असते, म्हणजे गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या रुंद भागात असतो. म्हणून नुसता ट्रॅक्टर सपाट रानात सहसा उलटत नाही.

बकेट उचलली की काय बदलते?

लोडर बसवला की वजन पुढे सरकते, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे. भरलेली बकेट वर उचलली की गुरुत्वमध्य वरही जातो. पुढे आणि वर, असे दोन्ही एकदम घडते. आता बाजूला झुकायला जागाच कमी उरते. एखादा दगड, उंदराचे बीळ, पाटाची लहानशी सरी किंवा घाईतले एक वळण एवढ्यावर तो बाजूला कलंडू शकतो. लोडरचे काम करताना ट्रॅक्टर एका अंगावर उलटतो, त्यामागे बहुतेक वेळा ही उचललेली बकेट असते.

यात वेगाची भर पडली की धोका झपाट्याने वाढतो. वळणावर ट्रॅक्टरला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 5 किलोमीटरऐवजी 10 किलोमीटरने तेच वळण घेतले तर हा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. वळण निम्म्या त्रिज्येत, म्हणजे दुप्पट आखूड घेतले तर जोर दुप्पट होतो.

बरेच चालक ट्रॉलीपासून परत येतानाही बकेट वरच ठेवतात. 'समोरचे नीट दिसते' असे कारण सांगतात, किंवा पुन्हा पुन्हा खालीवर करण्याचा कंटाळा असतो. ही सवय आधी मोडा. उचललेली बकेट फक्त ट्रॉलीच्या शेजारी, ट्रॅक्टर जवळजवळ थांबलेला असताना आणि जमीन सपाट असतानाच हवी. बाकी सगळा प्रवास बकेट जमिनीपासून साधारण एक फूट उंचीवर ठेवून करा. ट्रॉली भरताना क्रम असा ठेवा: सरळ पुढे जा, थांबा, बकेट वर घ्या, अगदी हळू पुढे सरका, रिकामी करा, सरळ मागे या, बकेट खाली घ्या आणि मगच वळा.

बकेट तीच, वजन वेगळे

बकेट किती मोठी यापेक्षा तिच्यात काय भरले आहे, हे महत्त्वाचे. 0.4 घनमीटरची बकेट धरा. तिच्यात वाळलेले, कुजलेले शेणखत साधारण 200 ते 250 किलो बसते. त्याच बकेटमध्ये ओला गाळ किंवा ओली वाळू भरली तर वजन 600 ते 700 किलो होते. चालकाला दोन्ही वेळी बकेट 'भरलेली'च दिसते, पण वजन जवळजवळ तिप्पट झालेले असते.

हे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकलेले असते, त्यामुळे ते पहारीसारखे काम करते. समजा, बकेटचा मध्य पुढच्या अ‍ॅक्सलच्या दीड मीटर पुढे आहे आणि दोन्ही अ‍ॅक्सलमधील अंतर दोन मीटर आहे. बकेटमध्ये 600 किलो माल असेल तर मागच्या चाकांवरचा भार 450 किलोने कमी होतो आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरचा भार 1050 किलोने वाढतो. यात लोडरच्या सांगाड्याचे वजन धरलेले नाही.

मागची चाके हलकी झाली की दोन गोष्टी घडतात. एक, ती जमीन नीट धरत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे: टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा फक्त मागच्या चाकांवर असतात. चाकच जमिनीला टेकत नसेल तर ब्रेक दाबून उपयोग काय? म्हणून लोडरचा ट्रॅक्टर उतारावर 'ब्रेक लागूनही' घसरत जातो.

लोडर घेताना तो तुमच्या ट्रॅक्टरच्या मॉडेलसाठी बनवलेला आहे का, हे विचारा. किती उंचीवर किती वजन उचलायचे याचा आकडा लोडर बनवणाऱ्याने दिलेला असतो, त्याच्या वर जाऊ नका. अंदाजाने वेल्डिंग करून बसवलेल्या लोडरला असा आकडाच नसतो, आणि तो भार ट्रॅक्टरच्या चॅसिसवर कुठे पडतो याचाही कोणी विचार केलेला नसतो.

मागे प्रतिभार हवाच

बैलगाडी भरताना आपले वाडवडील एक गोष्ट कटाक्षाने पाहत. गाडी उलाळ होता कामा नये आणि जूही बैलांच्या मानेवर जड पडता कामा नये. माल थोडा मागेपुढे करून तोल साधला जाई. लोडरच्या ट्रॅक्टरलाही हाच न्याय आहे. पुढे वजन आले की मागे प्रतिभार द्यायचा.

• थ्री-पॉइंट लिंकेजवर काँक्रीट किंवा लोखंडाचा ठोकळा, अथवा वजनाची पेटी बसवा. ती मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असल्यामुळे सर्वांत जास्त परिणाम देते. ती खालच्या पातळीवर ठेवा, लिफ्टने उंच उचलू नका.
• मागच्या चाकांना लोखंडी वजने लावा.
• मागच्या टायरमध्ये पाणी भरता येते. वॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून वॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरले की टायर साधारण 75 टक्के भरतो. हे वजन जमिनीलगत असल्याने गुरुत्वमध्यही खाली येतो.
• किती वजन लावायचे ते ट्रॅक्टरच्या आणि लोडरच्या पुस्तिकेतून पाहा.
• मागच्या चाकांमधील अंतर वाढवता येत असेल तर लोडरच्या हंगामात ते वाढवून घ्या. त्रिकोणाचा पाया रुंद होतो.

तपासायची सोपी पद्धत अशी: सपाट जागेवर बकेट भरून जमिनीपासून जेमतेम वीतभर उचला. मागचा भाग हलका होऊन डोलू लागला, तर माल कमी करा किंवा मागचे वजन वाढवा.

उतारावर भरलेली बकेट चढाच्या बाजूला

भरलेल्या बकेटसह चढ चढायचा असेल तर सरळ पुढे चढा. उतरायचे असेल तर रिव्हर्समध्ये उतरा. दोन्ही वेळी बकेट चढाच्या बाजूला आणि जमिनीलगत राहते. भरलेली बकेट पुढे ठेवून उतरू लागलात, तर आधीच हलकी झालेली मागची चाके आणखी उचलली जातात.

उताराला आडवे जाऊ नका आणि उतारावर वळू नका. तलावातून गाळ काढताना वर येण्याचा रस्ता आधीच रुंद, सरळ आणि कमी चढाचा करून घ्या. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर उतारावर ते जोडलेले ठेवा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतार उतरणे हा तर थेट अपघाताला दिलेला निरोप आहे. चढताना जो गिअर लागतो, त्याच खालच्या गिअरमध्ये उतरा.

डाव्या-उजव्या ब्रेकची पॅडल शेतात वेगवेगळी वापरत असलात, तरी लोडरचे काम करताना आणि रस्त्यावर ती जोडपट्टीने एकत्र अडकवा. एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर झटक्यात वळतो, आणि बकेट वर असेल तर वळण पूर्ण होण्याआधीच उलटतो.

मागे उलटणे: पाऊण सेकंदाचा खेळ

लोडर काढून तोच ट्रॅक्टर ट्रॉली ओढायला लावला की धोका दुसऱ्या टोकाला जातो. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओल्या रानातून काढताना पुढची चाके हवेत उचललेली तुम्ही पाहिली असतील. काही ठिकाणी त्याला पराक्रम समजतात. प्रत्यक्षात ती ट्रॅक्टर उलाळ होण्याची सुरुवात असते.

इंजिनाचा जोर मागच्या चाकांना फिरवू पाहतो. चाके फिरू शकली नाहीत, तर तोच जोर ट्रॅक्टरचा पुढचा भाग अ‍ॅक्सलभोवती वर उचलतो. ज्या क्षणानंतर ट्रॅक्टर सावरत नाही, तो क्षण पाऊण सेकंदात येऊ शकतो, आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर असतो. 'उचलला तर क्लच दाबू' असे म्हणणाऱ्याने हा हिशेब लक्षात घ्यावा. माणसाला धोका कळून पाय हलेपर्यंतच तेवढा वेळ जातो.

• ओढ नेहमी ड्रॉबारवरूनच घ्या. टॉप लिंकला, अ‍ॅक्सलला किंवा सीटखालच्या कोणत्याही उंच जागेला साखळी बांधून ओढू नका.
• चिखलात रुतलेल्या चाकाला लाकडी ओंडका बांधून बाहेर काढू नका. ओंडका अडला की चाक थांबते आणि ट्रॅक्टर उलटतो. चाकामागची माती काढून रिव्हर्समध्ये बाहेर या, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्या.
• पाटातून किंवा खड्ड्यातून पुढे चढून निघण्यापेक्षा मागे या.
• क्लच झटक्याने सोडू नका.
• पुढचा भाग उचलू नये म्हणून बॉनेटवर माणसे बसवू नका. पुढची वजने त्यासाठीच असतात.

विहीर, नाला आणि पाटाची कड

आपल्याकडे कित्येक विहिरींना कठडे नाहीत. पावसाळ्यात काळी जमीन फुगलेली, मऊ झालेली असते आणि कडेचा भाग आतून पोकळ असू शकतो. वरून गवतामुळे कड दिसतही नाही. ट्रॅक्टर आणि लोडरचा भार पडला की ती सरळ ढासळते.

नाला, पाट किंवा चर जेवढा खोल, किमान तेवढे अंतर त्याच्या कडेपासून ठेवा. खोली सहा फूट असेल तर चाक कडेपासून सहा फुटांच्या आत येऊ नये. ओल्या जमिनीत अंतर आणखी वाढवा. विहिरीभोवती खुंट्या रोवून त्यांना पांढरी पोती किंवा रंगीत फडकी बांधा, म्हणजे बाहेरून आलेल्या चालकालाही कळेल. विहिरीच्या दिशेने रिव्हर्स घेऊ नका. तेवढा पट्टा बैलांनी किंवा हाताने केला तरी चालेल.

वर तार, खाली माणूस

लोडरची बकेट पूर्ण उचलली की शेतातल्या लोंबकळणाऱ्या विजेच्या तारेपर्यंत सहज पोहोचते. तारेखाली ट्रॉली लावूच नका. तार खाली आली असेल तर महावितरणला 1912 या क्रमांकावर कळवा. बकेट तारेला लागलीच, तर चालकाने सीटवरच बसून राहावे आणि शक्य असेल तर बकेट खाली घेत ट्रॅक्टर तारेपासून दूर न्यावा. वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये. आग लागल्यामुळे उतरावेच लागले, तर दोन्ही पाय जुळवून उडी मारावी, एकाच वेळी ट्रॅक्टर आणि जमीन यांना स्पर्श होऊ देऊ नये, आणि पाय जुळवूनच लहान उड्या मारत दूर जावे.

बकेटमध्ये माणूस उभा करून नारळ काढणे, आंब्याची छाटणी करणे किंवा खांबावरचा दिवा बदलणे बंद करा. हायड्रॉलिकचा एक पाइप फुटला तर बकेट क्षणात खाली येते. उचललेल्या बकेटखाली कोणीही जाऊ नये. दुरुस्ती करायची असेल तर बकेट जमिनीवर टेकवा किंवा लोडरच्या हातांना पक्का आधार द्या. पाइपमधील गळती हाताने चाचपू नका. बारीक छिद्रातून दाबाने येणारे तेल कातडीत शिरते. पुठ्ठा धरून पाहा.

मडगार्डवर बसलेली मुले हा आपल्या गावांतला नेहमीचा देखावा आहे. ट्रॅक्टरला सीट एक, म्हणजे माणूस एक. लाडाने मांडीवर बसवलेल्या मुलाला धक्क्याच्या क्षणी हात पुरा पडत नाही.

रोल बार आणि सीट बेल्ट

चालकाच्या मागे असणाऱ्या पोलादी संरक्षण चौकटीला रोल बार किंवा रॉप्स म्हणतात. ट्रॅक्टर उलटला तरी ही चौकट चालकाभोवती जागा राखते आणि बऱ्याचदा पूर्ण पलटी थांबवते. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली. त्यानंतर तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, उन्हासाठी बसवलेले छत म्हणजे रोल बार नव्हे. गावातल्या वर्कशॉपमध्ये पाइप वाकवून केलेली चौकटही नव्हे. ट्रॅक्टर कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेलीच चौकट बसवा आणि तिला भोके पाडू नका, वेल्डिंग करू नका. दुसरी, रोल बार असेल तर सीट बेल्ट लावलाच पाहिजे, नाहीतर चालक बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखाली सापडतो. तिसरी, रोल बार नसेल किंवा घडीचा रोल बार खाली पाडलेला असेल, तर बेल्ट लावू नका. फळबागेत फांद्यांसाठी तो पाडला असेल, तर बाहेर येताच पुन्हा उभा करा आणि मग बेल्ट लावा.

रोल बार चालकाला उलटण्यापासून वाचवतो, वरून पडणाऱ्या वस्तूपासून नाही. कडब्याचा किंवा भुश्श्याचा गठ्ठा बकेटमध्ये उंच उचलला तर तो हातांवरून घसरत चालकाच्या अंगावर येऊ शकतो. गठ्ठ्यांसाठी योग्य ग्रॅब वापरा आणि बकेट उचलताना ती मागे जास्त कलू देऊ नका.

तोल जातोय असे वाटले तर?

सर्वांत आधी बकेट खाली सोडा. ती जमिनीला टेकली की ट्रॅक्टरला आणखी एक आधार मिळतो. बाजूला घसरत असाल तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने हळूच वळवा. रोल बार आणि बेल्ट असेल तर उडी मारू नका, स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहा. उडी मारणारा माणूस बहुधा ट्रॅक्टर पडतो त्याच बाजूला पडतो.

अपघात झालाच, तर इंजिन बंद करा, डिझेल सांडले असेल तर विडी-काडी दूर ठेवा, आणि 112 किंवा 108 वर फोन करा. माणूस अडकला असेल तर पुरेशी माणसे आणि पक्के टेकू असल्याशिवाय ट्रॅक्टर हलवू नका.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शिवारफेरीत किंवा शेतीशाळेत हा विषय भाषणाने पोहोचत नाही. एक तिवई न्या. तिच्यावर विटा रचा, आधी दोन पायांच्या बाजूला, मग एकट्या पायाच्या टोकाकडे आणि उंच. प्रत्येक वेळी बाजूने एका बोटाने ढकलायला सांगा. फरक हाताला कळतो. त्यानंतर गावातलाच लोडर सपाट जागेवर आणून मागच्या वजनासह आणि वजनाशिवाय बकेट वीतभर उचलून दाखवा. मालकाइतकेच रोजंदारीवरचे चालक आणि घरातली तरुण मुले त्या वेळी हजर असतील असे पाहा, कारण प्रत्यक्ष सीटवर तेच असतात.

काम सुरू करण्याआधी

• मागचे वजन लावले आहे का?
• दोन्ही ब्रेक जोडले आहेत का, टायरमधील हवा सारखी आहे का?
• लोडरच्या पिना, नट-बोल्ट आणि पाइप तपासले का?
• रोल बार उभा आणि बेल्ट लावलेला आहे का?
• कामाची जागा आधी पायी फिरून पाहिली का? खड्डे, दगड, तारा आणि विहीर कुठे आहे?
• मुले आणि जनावरे लांब आहेत का?
• काम संपल्यावर बकेट जमिनीवर, इंजिन बंद आणि चावी खिशात.

या सगळ्या तपासणीला सकाळी दहा मिनिटे लागतात. दिवसाच्या कामात एखादी ट्रॉली कमी भरेल. ती उद्या भरता येते. चालक तुमचा मुलगा असो, भाऊ असो की रोजंदारीवर आलेला शेजारच्या गावचा पोरगा, संध्याकाळी घरी त्याची वाट पाहणारे कोणीतरी असते. बकेट खाली ठेवा, मागे वजन लावा आणि वळताना वेग कमी करा.